तक्रार केली तर काम बंद होईल का?

प्रश्न : ताई, मी मालिकांच्या सेटवर हेअर ड्रेसर आहे. सध्याचा सेट घोडबंदर रोडला आहे. प्रॉडक्शनचा एक माणूस काही ना काही निमित्त काढून मेकअप रूममध्ये येतो, पाठीवर हात ठेवतो. पंधरा दिवसांपूर्वी पॅकअपनंतर त्याने माझी वाट अडवली. ईपींना (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरना) सांगितलं, तर म्हणाले, ‘तो तसाच आहे, मनावर घेऊ नकोस.’ माझं तीन महिन्यांचं पेमेंट अडकलंय, घर माझ्यावर चालतं. तक्रार केली तर पुढे कुणी बोलावेल का?
– स., ठाणे

उत्तर : तुझी झोप या शेवटच्या प्रश्नानेच उडाली असणार, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. काही जण बोलावणार नाहीत. ‘खऱ्याला कशाची भीती’ असं तुला कुणी सांगेल. त्यांना तुझ्या घरचा हप्ता भरायचा नसतो.

मी मालिकांत काम करत होते तेव्हा आमच्या एका सहायक दिग्दर्शिकेने अशीच लेखी तक्रार दिली. तिला कुणी ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं नाही. तिला कॉलशीट येईनाशी झाली. विचारलं तर ‘या शेड्यूलला माणसं जास्त झालीत’. मग दुसऱ्या निर्मात्याकडून फोन, ‘काम छान आहे गं तुझं, पण आम्हाला सेटवर कटकट नको.’ शिकवण्या घेऊन तिने तो काळ काढला. आज ती जाहिराती करते, पण मालिकांत परत आली नाही. अजून राग येतो मला त्याचा.

नावाजलेल्यांचंही हेच होतं. गायिका आणि डबिंग कलाकार चिन्मयी श्रीपाद २०१८ मध्ये लैंगिक छळाबद्दल जाहीरपणे बोलली, आणि त्याच वर्षी तमिळ डबिंग युनियनने तिला सदस्यत्वातून काढलं. कारण दिलं वर्गणी थकल्याचं! अभिनेत्री त्रिशाला तमिळमध्ये तिचा आवाज पुन्हा मिळाला तो २०२३ च्या ‘लिओ’ या सिनेमात.

तेव्हा पहिलं काम वर्गणीचं. तुझं युनियनचं कार्ड चालू आहे ना? बाकी असेल तर आजच भर, पावती जपून ठेव. दुसरं, अडकलेल्या पेमेंटचा हिशेब, तारखा आणि शिफ्टसकट, प्रॉडक्शनला व्हॉट्सॲपवर पाठव. तक्रारीच्या आधी पाठव, म्हणजे ‘पैशासाठी आळ घेतला’ असं म्हणणाऱ्याला दाखवायला पैशाचा हिशेब वेगळा राहील. ईपींशी झालेलं बोलणंही तारखेसह लिहून काढ.

पण यात फार दिवस घालवू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्यावर विसंबू नकोस. रोजंदारीवरची, कंत्राटावरची बाईही या कायद्यात येते आणि सेट हे कामाचं ठिकाणच आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायलाच हवी. तुमच्या युनिटला किती माणसं असतात, तूच मोज. समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ठाण्याच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी कर. चौकशी चालू असताना त्या माणसाला दुसऱ्या सेटवर हलवा, अशी मागणी लेखी करता येते. ती जरूर कर, नाहीतर हलवतील ते तुलाच. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून तुला खोटी ठरवता येत नाही, हेही लक्षात ठेव.

तुझ्याच खात्यातली एक गोष्ट सांगते. मेकअप पुरुषांनी करायचा, बायकांनी फक्त केस, हा मुंबईतल्या संघटनेचा नियम कित्येक वर्षं चालला. चारू खुराना या मेकअप आर्टिस्टला बाई म्हणून कार्ड नाकारलं गेलं. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तो नियम गेला. आज तुझ्या शेजारच्या खुर्चीपाशी एखादी मुलगी ब्रश घेऊन उभी असेल, तर ती त्यामुळे.

त्याच मुलीला विचार. तो माणूस फक्त तुझ्याच पाठीवर हात ठेवत असेल, असं मला वाटत नाही. दोघींनी आपापली तक्रार एकाच दिवशी दिली तर ‘हीच कटकटी आहे’ म्हणायला जागा कमी उरते. ती नाही म्हणाली तर रागावू नकोस, तिचंही पेमेंट अडकलेलं असेल. तरी तू तुझी दे.