गोलकीपरला शिकवायचं कसं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी कीपिंगवरचेच प्रश्न इतके आलेत की बाकीचे पुढच्या अंकात ढकललेत. स्ट्रायकरच्या पालकांनी रागवू नये, तुमचं नेहमीच चालू असतं.

प्रश्न : शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमचा कीपर १३ वर्षांचा, उंच, हात चांगले, पण डाइव्ह म्हटलं की गळपटतो. ग्राउंड सगळं मुरमाचं. समजावून झालं, ओरडून झालं, काय करू? – एक शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : सर, गडहिंग्लजच्या माणसाला फुटबॉल काय सांगायचा, पण एक बघा, पोरगं घाबरतंय त्यात त्याचं काही चुकत नाही. मुरमावर कोपर घासलं की काय होतं ते त्याच्या अंगाला कळलंय, आता तुम्ही कितीही ओरडा.

डाइव्ह उभ्यानं शिकवायला घेऊच नका. शाळेत लांब उडीचा वाळूचा खड्डा असेल ना, तो नीट खणून भुसभुशीत करून घ्या आणि सुरुवात तिथंच करा. आधी पाय पसरून बसवायचं, तुम्ही समोरून हातानं बॉल त्याच्या बाजूला टाकायचा, त्यानं दोन्ही हातांनी धरून कुशीवर पडायचं, बस एवढंच. ते जमलं की गुडघ्यांवर, मग उकिडवं, मग उभ्यानं, आणि उभ्यानं सुद्धा आधी सरपटता बॉल, हवेतला सगळ्यात शेवटी. पडताना बॉल धरून हात पुढं, आणि अंग टेकायचं ते बाजूनं, म्हणजे नडगीची बाहेरची बाजू, मांडी, कंबर, खांदा असं ओळीनं. पोटावर आदळला किंवा कोपर आधी टेकवलं की तिथंच थांबवा आणि एक पायरी मागं न्या, त्यात कमीपणा काही नाही. बहुतेक पोरं एका बाजूला झकास पडतात आणि दुसऱ्या बाजूला ओंडक्यासारखी, तर त्या नावडत्या बाजूला जास्त वेळ द्या. फुल ट्रॅकपँट आणि लांब बाह्यांचा टीशर्ट कंपल्सरी. आणि आपल्याकडं पावसाळ्यात चिखल असतो तेव्हा सगळे घरी बसतात, खरं तर डाइव्ह शिकायला त्याच्याइतका चांगला सीझन नाही.

पण सर, डाइव्ह हा शेवटचा उपाय आहे हो. जो आधी पाय हलवून बॉलच्या लाइनीत येतो त्याला बऱ्याचदा पडावंच लागत नाही, आणि हे शिकवायला दोन दोऱ्या पुरतात. दोन्ही पोस्टला एकेक दोरी बांधा, दोन्हींची टोकं पेनल्टी स्पॉटवर, बॉल ठेवतो तिथं, खुंटीला बांधा. आता कीपरला गोललाइनवर उभा करा, त्याला ७.३२ मीटर सांभाळायचंय. तीन मीटर पुढं आणा, दोऱ्यांमधलं अंतर सव्वापाच मीटरच्या आसपास येतं. साडेपाच मीटर पुढं आला की बरोबर निम्मं, ३.६६. पोराला फळ्यावर कोन काढून दाखवण्यापेक्षा हे डोळ्यांनी दिसतं, स्वतःच म्हणतं “सर अजून पुढं येऊ का?” मग त्याच्या डोक्यावरून एक चिप मारून दाखवा म्हणजे किती पुढं यायचं नाही ते पण कळेल. नंतर खुंटी बॉक्सच्या कोपऱ्यात न्या, जवळचा पोस्ट किती महत्त्वाचा ते न सांगता समजतं.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, अकॅडमीत कीपर आहे. कोच सगळ्यांना रांगेत उभं करून तिच्यावर शॉट मारायला लावतात, धडाधड, ती उठायच्या आत दुसरा येतो. म्हणतात यानं रिफ्लेक्स वाढतात. घरी येते ती वैतागून. हे बरोबर आहे का? – एक आई, पुणे

उत्तर : ताई, ती प्रॅक्टिस स्ट्रायकर लोकांची चाललीय, तुमच्या मुलीची नाही. शॉट मारायच्या क्षणी कीपर स्थिर पाहिजे, पाय खांद्याएवढे फाकलेले, वजन पंजांवर, हात पुढं, याला सेट होणं म्हणतात. उठायच्या आधीच पुढचा बॉल आला तर ती सेट न होता पडायची सवय लावून घेते, आणि दमल्यावर तर टेक्निक राहतच नाही. चार-सहा शॉट, मग श्वास घ्यायला वेळ, परत चार-सहा. कोचशी भांडायला जाऊ नका, एवढंच विचारा की दोन शॉटच्या मध्ये तिला उठून सेट होऊ द्याल का.

दुसरं म्हणजे मॅचमध्ये पुढं शॉट येणार की क्रॉस (बाजूनं गोलसमोर टाकलेला बॉल) की डिफेन्सच्या मागं टाकलेला बॉल, हे कुणी आधी सांगत नाही. तेव्हा टेक्निक थोडं वेगळं घोटून झालं की तिन्ही मिसळून आले पाहिजेत आणि पुढं यायचं की लाइनवर थांबायचं ते तिनं ठरवलं पाहिजे. चुकली तर “अगं काय हे!” ऐवजी “तुला काय दिसलं, का आलीस पुढं?” असं विचारणारा कोच मिळाला तर सोडू नका. आणि रोंदोमध्ये, म्हणजे गोलात उभं राहून मधल्या एकदोघांना बॉल न देता पास करायचा खेळ, त्यात तिला बाकीच्यांबरोबर पायानं खेळू द्या. १९९२ पासून आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला पास हातात घेता येत नाही, म्हणजे पाय कच्चे असलेल्या कीपरवर समोरची टीम मुद्दाम प्रेस करते, म्हणजे बॉल काढून घ्यायला अंगावर धावून येते.

प्रश्न : कीपरनं बॉल हातात ठेवायचा नियम बदलला म्हणतात, खरं का? – कोल्हापूर

उत्तर : होय. २०२५-२६ च्या नियमांपासून आठ सेकंद, शेवटचे पाच रेफ्री हात वर करून मोजतो, आणि वेळ ओलांडली तर समोरच्या टीमला थेट कॉर्नर. आधी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्रीकिक होती, पण ती कुठला रेफ्री देत होता? प्रॅक्टिसला तुम्हीच मोठ्यानं मोजा. गावच्या टूर्नामेंटला मात्र आयोजकांना आधी विचारून घ्या.

प्रश्न : पेनल्टीला कुठं उडी मारायची हे कसं शिकवायचं? – सांगली

उत्तर : इस्रायली संशोधकांनी २००७ मध्ये मोठ्या लीगमधल्या २८६ पेनल्टींचा अभ्यास छापला, त्यात साधारण २९ टक्के किक मधल्या भागात होत्या आणि कीपर मध्ये थांबले फक्त सहा टक्के वेळा. उभं राहून गोल खाल्ला तर लोक शिव्या देतात ना, म्हणून उडी. पोरांना एवढंच शिकवा की लवकर हलू नका आणि किक बसेपर्यंत एक पाय लाइनवर ठेवा, नाहीतर वाचवलेली पेनल्टी परत मारायला देतात. शाळेच्या टीमनं यावर आठवड्यात दहा मिनिटं घालवली तरी पुष्कळ झाली.

प्रश्न : भारीतले ग्लोव्हज महिन्याभरात फाटले, कंपनी बदलू का? – एक वडील, सातारा

उत्तर : दादा, भारीतलं मऊ लेटेक्स मुरमावर टिकतच नाही, कंपनी कुठलीही असू दे. प्रॅक्टिसला स्वस्तातले जाड घ्या, भारीतले मॅचपुरते. घालायच्या आधी तळवा जरा ओला करायचा, धुताना साधं कोमट पाणी, आणि वाळवायचे सावलीत. दोरीवर उन्हात टाकले की लेटेक्स तडकतं, त्यामुळं घरात कपडे वाळत घालतं त्याला सांगून ठेवा.