कंपनी दिवाळखोरीत गेली, शेकडो कामगारांना एकदम काढलं. थकलेले पैसे मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की कंपनीचं प्रकरण एनसीएलटीत (दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या कंपनी न्यायाधिकरणात) गेलंय, साडेचारशे जणांना एकाच दिवशी घरी बसवलंय आणि चार महिन्यांचा पगार अडकलाय. मी वकील नाही. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात त्या विभागात, चौदा वर्षं काढून अशाच एका कंपनीतून बाहेर पडलो आणि बरोबरच्यांचे दावे भरता भरता जे कळलं ते सांगतो.

आधी कागद. आमच्याकडे गेटवर यादी लागली तेव्हा सगळे आपलं नाव शोधण्यात गुंतले. पगाराच्या स्लिपा कंपनीच्या पोर्टलवर होत्या, त्या उतरवून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. दहा दिवसांत पोर्टल बंद! (त्याचंही बिल थकलं होतं म्हणे.) शेवटी बँकेच्या स्टेटमेंटवर भागवलं. पीएफचं पासबुक आजच बघा. आमच्या पगारातून कापलेले सात महिन्यांचे पैसे तिथे पोहोचलेच नव्हते.

मग दावा. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की कंपनीचा कारभार हाती घ्यायला नेमलेला रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे आरपी, जाहीर सूचना काढतो. कामगाराने फॉर्म डी भरायचा, सगळ्यांच्या वतीने एकच प्रतिनिधी भरणार असेल तर फॉर्म ई. मुदत साधारण 14 दिवसांची. उशिरा दावा घ्यायची सोय आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. ‘युनियन बघतेय’ म्हणून गप्प बसलेले आमचे तिघे नंतर आरपीच्या ऑफिसात खेटे घालत होते. लेबर कोर्टात केस असेल तर दिवाळखोरी कायद्याच्या (आयबीसी) कलम 14 च्या मोरॅटोरियममुळे, म्हणजे कंपनीविरुद्धच्या केसेसना मिळणाऱ्या स्थगितीमुळे, ती तूर्त थांबते, म्हणून तिथे असलात तरी आरपीकडे दावा हवाच.

आरपीने कामावर बोलावलं तर हजेरीचा फोटो रोज काढून ठेवा. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलं, की आरपी कंपनी चालवत असताना ज्यांनी खरोखर काम केलं, त्यांचा त्या काळातला पगार प्रक्रियेच्या खर्चात धरायचा. आणि खर्च सगळ्यात आधी फेडला जातो.

कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायची ठरली, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम बँकांना वाटायच्या मालमत्तेत येत नाही. ग्रॅच्युइटीचा वेगळा फंड होता का, हे आताच विचारा. नसेल तर वाद वाढतो. कामावरून काढल्याच्या भरपाईवर मात्र घराचे हप्ते आखू नका. माझी आली ती अगदीच किरकोळ, ग्रॅच्युइटी अडीच वर्षांनी.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. त्याच कायद्याच्या कलम 53 मध्ये ‘कामगारा’ची 24 महिन्यांची देणी सुरक्षित कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीने येतात. इतर कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांचीच, आणि तीही त्यांच्या खालच्या पायरीवर. आमच्या कंपनीने प्रेस चालवणाऱ्या पोरांनाही ‘ज्युनिअर ऑफिसर’ करून ठेवलं होतं. तेव्हा बढती मिळाली म्हणून पेढे वाटले त्यांनी. दावा भरताना हेच पद आडवं आलं. शेवटी शिफ्टचे जॉब कार्ड आणि मशीनवरची सही दाखवून आम्ही भांडलो, कारण पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय, ते बघितलं जातं.

तुमच्या नेमणूकपत्रात पद काय लिहिलंय आणि हाताखाली माणसं होती का, तेवढं कळवा.