घरातला उजेड : रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणि तुमचे प्रश्न

गणपती जवळ आले की आमच्या मालवणातल्या दुकानात एकच मागणी असते, "रिमोटवाली पट्टी होयी." या वेळी पत्रंही तिचीच, म्हणजे रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीचीच आली. जागा बेताची, म्हणून चारच घेतोय.

मुलाने मुंबईहून रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीची 5 मीटरची दोन रिळं आणली. हॉलच्या पीओपीत एकाला एक जोडून लावली. लाल ठीक दिसतो, पण पांढरा लावला की शेवटची बाजू गुलाबी-तांबूस होते. अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापतो. पट्टी बदलून घ्यावी का? — एक वाचक, देवगड

काका, पट्टीत काही खोट नाही. तिला वीज पुरत नाहीये. पट्टीवर दर 5 सेंटिमीटरला कात्रीची खूण आहे बघा. दोन खुणांमध्ये तीन दिवे एका ओळीत जोडलेले असतात आणि त्यांच्यामागे प्रत्येक रंगाचा एक बारका रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आवरणारा भाग. लाल दिव्याला साधारण 2 व्होल्ट लागतात, हिरव्या-निळ्याला 3. म्हणजे 12 व्होल्टमधले लालचे तीन दिवे 6 खातात, निळ्याचे तीन 9 खातात. पट्टीवरचा तांब्याचा पत्रा कागदासारखा पातळ, त्यामुळे 10 मीटर जाईपर्यंत दीड-दोन व्होल्ट वाटेतच संपतात. टोकाला साडेदहा पोचले तर निळ्याच्या रेझिस्टरवर 3 ऐवजी दीडच उरतो, म्हणजे निळ्याचा उजेड निम्म्यावर. लाल मात्र पाऊण जोर टिकवून असतो. पांढरा हा तिन्हींचा मिळून होतो, मग तो तांबडा नाही दिसणार तर काय?

आता हिशेब. मीटरला 60 दिव्यांची 5050 जातीची (5 बाय 5 मिलिमीटरच्या दिव्यांची) पट्टी पूर्ण उजेडावर मीटरमागे 14.4 वॅट घेते. तुमचे 10 मीटर म्हणजे 144 वॅट, 12 व्होल्टवर 12 अँपिअर. रिळाबरोबर येणारा अडॅप्टर बहुतेक 5 किंवा 6 अँपिअरचा असतो, तोही एका रिळापुरता. तो तापणारच. 12 व्होल्ट 15 अँपिअरचा पॉवर सप्लाय घ्या, पाव हिस्सा शिल्लक राहू द्या. तो जाळीच्या पत्र्याचा येतो, त्याला अर्थिंग द्यायची आणि पीओपीत कोंडायचा नाही, हवा लागेल असा ठेवायचा. सप्लाय मधोमध बसवून एक रीळ डावीकडे, एक उजवीकडे न्या. रिमोटचा तो काडेपेटीएवढा कंट्रोलर दोन रिळांचा भार झेलत नाही, म्हणून दुसऱ्या रिळाला आरजीबी (लाल-हिरवा-निळा) अॅम्प्लिफायर, म्हणजे कंट्रोलरचा इशारा पुढे जोरात पोचवणारी डबी, लावायला वायरमनला सांगा. नवीनच घेणार असता तर मी 24 व्होल्टची सुचवली असती. तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा, टोकाला रंग फारसा फिका पडत नाही. फक्त ती 10-10 सेंटिमीटरवर कापावी लागते आणि सप्लाय-कंट्रोलरही 24 चेच लागतात.

आणि वाचनाला, जेवायला जो पांढरा हवा तो या पट्टीकडून मागू नका. तिचा पांढरा निळसर, आजारी वाटतो. ज्यांना दोन्ही हवं त्यांनी आरजीबीडब्ल्यू मागावी. तिच्यात पांढरा दिवा वेगळा असतो, चारऐवजी पाच तारा असतात.

आमचं होमस्टे अगदी किनाऱ्यावर आहे. समुद्राकडच्या कंपाउंडला आणि पडवीला रंगीत पट्टी लावायची आहे. गेल्या वर्षी लावलेली पावसाळ्यात मेली. कोणती टिकेल? — एक वाचक, गुहागर

ताई, पडवीचं सांगतो, कंपाउंडचं मात्र मनातून काढून टाका. गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवं येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या अंडी घालतात, पिल्लं उन्हाळ्यात निघतात. वाळूतून वर आलेलं पिल्लू जिकडे उजेड तिकडे चालू लागतं. काळोख्या रात्री तो उजेड समुद्राचा असतो, तुमची निळी-हिरवी पट्टी पेटली की तुमच्या कंपाउंडचा. निळा, हिरवा, पांढरा जास्त भुलवतो, तांबडा-पिवळसर कमी. वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. पाहुणे कासवं बघायला येतात, त्यांच्यासाठी कासवांचीच वाट चुकवायची, हे काही पटत नाही. समुद्राकडची बाजू हंगामभर काळोखीच ठेवा.

पडवीला लावा, पण आतल्या अंगाला, वाशाच्या आड, उजेड जमिनीवर पडेल अशी. आयपी हा धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा. आयपी 65 म्हणजे वरून सिलिकॉनचा नुसता लेप. खाऱ्या वाऱ्यात पूर्ण नळीतली आयपी 67 घ्या. तरीही मरते ती पट्टी नाही, सांधा मरतो. गेल्या वर्षीची अजून असेल तर जिथे तार जोडली तिथलं आवरण कापून बघा. तांब्यावर हिरवा गंज चढलेला दिसेल. चिमट्यासारखे दाबून बसवायचे कनेक्टर आपल्या किनाऱ्यावर एक पावसाळा काढत नाहीत. सोल्डर करून घ्या, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळते ती) चढवा, कापलेलं टोक सिलिकॉनने बुजवा. सिलिकॉन घेताना ट्यूब हुंगा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं मागा. चिऱ्याच्या भिंतीवर मागचा चिकटपट्टा धरत नाही, चुना घेऊन सुटतो. अॅल्युमिनियमची पन्हळ स्क्रूने ठोका आणि पट्टी तिच्यात बसवा. पॉवर सप्लाय घरात, बाहेर फक्त 12 व्होल्ट.

मखरासाठी बाजारात थेट पिनेला लागणारी लांब नळीची पट्टी स्वस्त मिळते. माटवीलाही (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधतात त्या चौकटीला) गुंडाळता येईल. घ्यावी का? — एक वाचक, वेंगुर्ला

मखरात नको. तिच्यात 230 व्होल्ट खेळतात. कुणी कापून टोकाला नुसती टेप गुंडाळली की तिथे ओल्या दूर्वा, तीर्थाचं पाणी आणि हात लावणारी पोरं, सगळी एकत्र. 12 व्होल्टची घ्या. अडॅप्टर पडद्यामागे न कोंडता भिंतीवर, निरांजन-कापरापासून लांब ठेवा. थर्माकोलवर 2018 पासून बंदी आल्यावर मखरं कागद-कापडाची झाली, तीही पेटतातच. उरलेली पट्टी रिळावर गुंडाळलेली ठेवून पेटवू नका. गुंडाळलेली पट्टी भराभर तापते.

रंगाचं माझं मत, पटलं तर घ्या. मूर्तीच्या तोंडावर रंगीत उजेड टाकू नका. निळ्याखाली पीतांबर काळा पडतो, माटवीतली तवशी, कवंडळं, सुपारीची शिपटी सगळी एकाच मळकट रंगाची होतात. समोरून 2700 ते 3000 केल्व्हिनचा पिवळसर पांढरा द्या, रंग बदलणारी पट्टी प्रभावळीच्या मागे लपवा. लुकलुकणारा प्रकार आरतीपुरता बंद ठेवा, बुवांना पेटीच्या पट्ट्या दिसू देत.

मोबाइलवर चालणारी पट्टी घेतली. घरच्या वायफायला जोडलीच जात नाही. — एक वाचक, रत्नागिरी

या पट्ट्यांचे बहुतेक कंट्रोलर वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा बँडच ओळखतात, आणि तुमचा फोन 5 वर असणार. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, फोन 2.4 वर आणा, मग जोडा.  सोबतचा रिमोटही चालत नसेल तर आधी बटणसेलखालची प्लॅस्टिकची जीभ ओढून काढली आहे का ते बघा.