वाचक विचारतात : पिकअपचा क्लच घरी बदलताना

प्रश्न : आमची डिझेल पिकअप गुळाचे रवे भरून मार्केट यार्डात जाते. हल्ली चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. क्लच घरीच बदलायचा विचार आहे. नुसती प्लेट बदलली तर भागेल का?
– एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : आधी खात्री करा. सपाट मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ४०च्या वेगाला एक्सलेटर पूर्ण दाबा. आवाज चढला आणि वेग तिथंच राहिला, तर क्लच घसरतोय. पेडलला थोडी मोकळी चाल आहे का, तेही हातानं दाबून बघा. ती अजिबात नसेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. अशा वेळी अ‍ॅडजस्टमेंटवरच काम भागू शकतं.

नुसत्या प्लेटवर भागवू नका. सगळी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्यात आहे. तो एकदा खाली आला की प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही बदला. फ्लायव्हीलच्या मध्यातलं पायलट बेअरिंग खरखरत असेल तर तेही. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलला ओल दिसली तर सील आत्ताच बदला, नाहीतर नवी प्लेट तेलात जाईल.

गाडी पक्क्या काँक्रीटवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. वजन लोखंडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणी खाली जाऊ नये. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) दोन्ही फ्लँजवर खूण करून शाफ्ट उतरवा. उलटसुलट बसला तर गाडी थरथरते. गिअर लिव्हर, वायरी, स्टार्टर आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबानं क्लच सोडवणारा) सोडवा. सिलिंडरचा पाइप न काढता तो बाजूला बांधला तर हवा काढायचा व्याप वाचतो. मग इंजिनला मागून आधार द्या, गिअरबॉक्स दुसऱ्या जॅकवर घ्या आणि सरळ मागे ओढा. इथं दोन माणसं हवीतच. गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर (क्लचमध्ये शिरणारा दांडा) लोंबकळलं की प्लेटचा हब, म्हणजे मधला भाग, वाकतो. जुनी प्लेट टाकूनच द्यायची असते, पण परत बसवताना हाच घोळ नव्या प्लेटचा होतो.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत सोडा. आतली धूळ हवेनं उडवू नका; जुन्या लायनिंगमध्ये (प्लेटवरचा घासणारा थर) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

फ्लायव्हीलवर निळे डाग, चरे किंवा केसासारख्या भेगा आहेत का, नीट पाहा. निळे डाग आणि चरे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर फेसिंग करून, म्हणजे वरचा पातळ थर कापून, निघतात. भेग खोल असेल तर फ्लायव्हीलच बदला. ड्युअल मास (आत स्प्रिंग असलेल्या दोन भागांच्या) फ्लायव्हीलला मात्र फेसिंग चालत नाही. जुन्या प्लेटचं लायनिंग रिव्हेटच्या डोक्यावर ०.३ मिमीपेक्षा कमी उरलं असेल तर ती संपलेली समजा. लायनिंग भरपूर शिल्लक असूनही क्लच घसरत असेल, तर कारण तेल किंवा थकलेली प्रेशर प्लेट.

नव्या प्रेशर प्लेटवर गंजरोधक तेल असतं. ते आणि फ्लायव्हील ब्रेक क्लीनरनं पुसा. प्लेटवरची ‘फ्लायव्हील साइड’ ही खूण बघूनच बसवा. प्लेट मध्यावर धरणारा सेंटरिंगचा डमी शाफ्ट आत घालून बोल्ट पुन्हा फुलीच्या क्रमानं, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या दात्यांना) ग्रीस अगदी बोटानं पुसल्याइतकंच. जास्त लावलं तर ते उडून लायनिंगवर जातं.

गिअरबॉक्स पुढे सरकत नसेल तर गिअर टाकून मागचा फ्लँज किंचित फिरवा, दात जुळतील. बोल्टनं ओढून बसवायचा मोह टाळा. बेलहाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या खोळीचा) कान तुटतो. पहिले ५०० किलोमीटर गाडी हलकी चालवा आणि घाटात हाफ क्लचवर थांबवू नका.

प्रश्न : नवा क्लच टाकल्यापासून रिव्हर्स कर्रकन पडतो. गिअरबॉक्स गेला का?
– एक वाचक, कागल

उत्तर : बहुतेक वेळा नाही. क्लच पूर्ण सुटत नाहीये, एवढंच. आधी हायड्रॉलिकमधली हवा काढा : एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं स्लेव्ह सिलिंडरवरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. टाकीत फ्लुइड कमी होऊ देऊ नका. ते झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, डॉट ३ किंवा डॉट ४. तरीही फरक पडला नाही तर प्लेट उलटी बसली आहे, हब वाकला आहे किंवा पायलट बेअरिंग जाम आहे. तिन्हीला गिअरबॉक्स परत उतरवावाच लागतो.

प्रश्न : प्लेटला तेल लागलं तर पेट्रोलनं धुऊन चालेल का?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : नाही. लायनिंग तेल पितं. धुतल्यावर दोन दिवस बरं वाटतं, तापलं की तेल पुन्हा वर येतं. तेल काळं आणि पातळ असेल तर ते इंजिनकडून, क्रँकच्या सीलमधून आलेलं. दाट आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलंय.

प्रश्न : उसाच्या दहाचाकीचं काम असंच घरी होईल का?
– एक वाचक, करवीर

उत्तर : करू नका. तो गिअरबॉक्स शंभर किलोच्या पुढचा असतो. त्याला खड्डा आणि गिअरबॉक्सचा खास जॅक लागतो. घरी पेडलची मोकळी चाल तपासा आणि लिंकेजला ग्रीस द्या. बाकी काम गॅरेजला, गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधी.