पेस्ट बदलली, तरी लॅपटॉप जास्तच तापतो

प्रश्न : ७ वर्षं जुन्या लॅपटॉपची थर्मल पेस्ट आणि पॅड (चिपची उष्णता पुढे नेणारा लेप आणि मऊ पट्ट्या) बदलले. आता तो पूर्वीपेक्षा जास्त तापतो. असं का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : बहुधा नवे पॅड जाड आहेत. प्रोसेसरवर पेस्ट असते, शेजारच्या चिपवर पॅड आणि दोन्हींवर एकच हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग). १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा पॅड आला, की हीटसिंक उचलला जातो आणि प्रोसेसरला नीट टेकत नाही. जुन्या पॅडची न दबलेली कड व्हर्नियरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा. पॅडऐवजी पेस्ट मात्र भरू नका, एवढी फट तिच्याने भरत नाही.

उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. प्रोसेसरवरची पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. स्क्रू हीटसिंकवरच्या आकड्यांच्या क्रमाने थोडेथोडे आवळा. पंख्यापुढची जाळीही पाहाच. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत तिथे धुळीचा चिकट थर बसतो. ब्रश फिरवताना पंखा बोटाने धरून ठेवा.