मोडलेला तुकडा फेकू नका, पिशवीत घालून आणा

नाताळची गर्दी ओसरली की माझ्याकडे जेट स्कीच्या तक्रारी यायला लागतात. यंदा जवळपास सगळ्यांनी विचारलंय ते ‘ट्रिम’बद्दल. पण या एका शब्दाखाली लोक दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. एक म्हणजे मागचं नॉझल, म्हणजे पाण्याचा झोत जिथून सुटतो ते तोंड, वरखाली करणारी यंत्रणा. नॉझल वर केलं की स्कीचं नाक उचलतं, खाली केलं की दबतं. दुसरी म्हणजे बॉडीच्या कडेने फिरणारी काळी प्लास्टिकची पट्टी. खाली दोन्ही आल्या आहेत.

देवबागला आमच्या दोन स्की पर्यटकांसाठी चालतात. एकीच्या ट्रिम केबलच्या टोकाचा बॉल-जॉइंट (नॉझलवरच्या गोळीवर बसणारा सांधा) दिवाळीपासून तिसऱ्यांदा मोडला. दुसरीचा एकदाही नाही. मिस्त्री म्हणता, पार्टच हलको आसा. पण कंपनीचा घातला तोही मोडला. काय करावं?

पार्ट हलका असता तर दोन्ही स्कींचा मोडला असता. तुमच्या पहिल्या स्कीत त्या जॉइंटवर कुठून तरी जादा जोर येतोय. चौथा जॉइंट विकत घेण्याआधी तो कुठून येतो ते शोधा, अर्ध्या तासाचं काम आहे.

इंजिन बंद करा, किल-स्विचची (ओढली की इंजिन बंद पाडणारी) दोरी काढून खिशात ठेवा आणि केबल नॉझलपासून सोडवा. आता नॉझलची रिंग दोन बोटांनी उचलून सोडा. ती आपल्या वजनाने खाली यायला हवी. उचलायला अख्खा पंजा लावावा लागला, तर पिव्होट, म्हणजे रिंग ज्यावर झुलते तो सांधा, आवळलाय. दोन्ही बाजूंचे बोल्ट काढा. बहुधा आत चुन्यासारखी पांढरी भुकटी दिसेल. बोल्ट स्टेनलेसचा, नॉझल अॅल्युमिनियमचं आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी तयार. यात नेहमी अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची भुकटी बुशभोवती, म्हणजे बोल्टवरच्या छोट्या नळीभोवती, दाटून बसते. रिंग जाम होते, केबल ओढणारी ट्रिमची मोटर मात्र ढकलत राहते, आणि मधला सगळ्यात नाजूक तुकडा, म्हणजे तुमचा जॉइंट, कडकन जातो. भुकटी खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, बुश झिजला असेल तर बदला आणि मरीन ग्रीस लावून बसवा. ट्रकचं पिवळं ग्रीस नको, चार फेऱ्यांत धुऊन जातं. जस्ताचा अॅनोड (अॅल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) असेल आणि तो निम्म्याहून जास्त खाल्ला गेला असेल, तर तोही बदलून टाका. त्याच्यावर रंग मात्र कधी मारू नका. रंगवलेला अॅनोड असून नसल्यासारखा.

रिंग मोकळी निघाली तर केबल बघा. मोटरकडचं टोक सोडवून हाताने मागेपुढे ओढा. करकर लागली तर रबरी बूट फाटून आत खारं पाणी गेलंय. तेल घातलं तर दोन दिवस चालेल, तिसऱ्या दिवशी तेच. केबल बदला.

आणि एक गोष्ट बहुतेक मिस्त्री बघतच नाहीत. केबल नॉझलला न जोडता मोटर पूर्ण वर न्या, मग पूर्ण खाली न्या, आणि दोन्ही वेळा जॉइंट नॉझलवरच्या बॉलपाशी धरून बघा. नॉझल अडतं तिथून जॉइंट आणखी दोन-चार मिलिमीटर पुढे जात असेल, तर दर वेळी बटण दाबताना तुम्ही स्वतःच तो मोडताय. टोकाचे आटे फिरवून लांबी जमवा, लांबी पक्की धरणारा चेकनट आवळा.

आता देवबागचं म्हणून वेगळं. कर्लीच्या मुखाशी ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात. तिथे टेकलेली स्की पोरं पुढून रेटून मागे पाण्यात ढकलतात, आणि नॉझल नांगराच्या फाळासारखं वाळूत घुसतं. पर्यटक मागून चढतात तेव्हाही पहिला पाय कुठे पडतो ते एक दिवस उभं राहून बघा. शिडी असली तरी नॉझल पायरीसारखंच दिसतं. टेकलेली स्की तोंड पाण्याकडे वळवून मगच बाहेर काढायची, एवढी सवय पोरांना लावलीत तरी पुष्कळ.

मोडलेले तीन जॉइंट फेकले नसतील अशी आशा आहे. उन्हात धरून मोडलेली कड बघा. धातूच्या तुकड्यावर अर्ध्या भागात शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा आणि उरलेला भाग खडबडीत असेल, तर तडा कित्येक दिवस हळूहळू वाढत होता, म्हणजे जोर रोजचा आहे. जाम पिव्होट किंवा चुकलेली लांबी. रेघा नसून तुकडा वाकून फाटल्यासारखा असेल, किंवा प्लास्टिक वाकल्या जागी पांढरं पडलं असेल, तर एकच जोराचा दणका बसलाय. मग वाळू किंवा कुणाचा तरी पाय.

गुहागरला समुद्रात असताना ट्रिम मोडली तर किनाऱ्यापर्यंत चालवत यावं का?

नॉझल मधल्या जागी राहिलं असेल आणि हँडल फिरवल्यावर ते डावी-उजवीकडे नीट वळत असेल, तर हळू या. मागे कुणाला बसवू नका. नॉझल वरच्या टोकाला अडकलं असेल तर वेग घेतल्यावर नाक बेडकासारखं उड्या मारायला लागतं, तेव्हा वेग आणखी कमी ठेवा. पण स्टिअरिंगलाच ढिलेपणा जाणवत असेल तर इंजिन बंद करा आणि हात करून दुसरी होडी बोलवा. जेट स्की वळते ती नॉझलमधून सुटणाऱ्या पाण्याच्या जोरावर. घाबरून थ्रॉटल सोडलं की वळणंही जातं, आणि समोर खडक असेल तर नेमकं तेव्हाच.

अलिबागजवळ माझी स्वतःची स्की आहे, महिन्यातून दोनदा काढतो. बाजूची काळी पट्टी दर वेळी त्याच स्क्रूपाशी चिरते. दोनदा नवी घातली. स्क्रू सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉकरही लावला.

त्या थ्रेडलॉकरवरच माझा पहिला संशय आहे. धातूसाठी तो उत्तम, पण एबीएससारख्या काही प्लास्टिकवर ओघळला तर आधीच ताणलेल्या जागी बारीक चिरा पाडतो. लावल्या दिवशी काही दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. तुमच्या पट्टीवर तशा आहेत का, भिंगातून बघा. पेट्रोलने पुसायची सवय असेल तर तीही सोडा. प्लास्टिकपाशी थ्रेडलॉकरऐवजी नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, नट वापरायचा.

दुसरं कारण ऊन. शेडमधून काढलेली काळी पट्टी दुपारच्या उन्हात सहज तीस अंशांनी जास्त तापते, आणि मीटरभर लांबीचं असं प्लास्टिक तेवढ्यात दोन ते तीन मिलिमीटर वाढतं. खालची फायबरची बॉडी त्या मानाने फारच कमी वाढते. सगळे स्क्रू घट्ट आवळले असतील तर वाढलेली पट्टी जाणार कुठे? शेवटच्या भोकापाशी चिरणारच. नवी पट्टी घालताना मधलं एकच भोक नेमक्या मापाचं ठेवा, बाकीची लांबट करा, रुंद वॉशर घाला. स्क्रू आवळायचा तो वॉशर बोटाने जेमतेम फिरेल इतकाच. चीर लहान असेल तर पट्टी बदलूही नका. चीर जिथे संपते तिथे तीन मिलिमीटरचं भोक पाडा, ती पुढे सरकत नाही.

आणि स्की जेट्टीला बांधत असाल तर मधे फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी मऊ उशी, टाका. माझ्या एका गिऱ्हाइकाची पट्टी जेट्टीच्या लोखंडी कोपऱ्यावर रोज घासत होती आणि हा गृहस्थ माझ्याशी प्लास्टिकच्या दर्जावर वाद घालत होता.

हर्णैला आमच्याकडे चांगला लेथवाला आहे. ट्रिमचा जॉइंट स्टीलमध्ये कायमचा करून घेतला तर? भाचा म्हणतो, थ्रीडी प्रिंटरवर काढून देतो.

लेथवाल्याकडे जरूर जा, पण जॉइंट करायला नको. तो आहे तसाच राहू दे. तो पोलादी केलात तर जोर पुढच्या तुकड्यावर जाईल, आणि पुढचा तुकडा आहे नॉझलचा कान, म्हणजे जॉइंट जिथे जोडतो तो बाहेर आलेला भाग. जॉइंट मोडला तर एक दुपार वाया जाते, कान मोडला तर अख्खं नॉझल बदलावं लागतं.

लेथवर करून घ्यायच्या गोष्टी म्हणजे पिव्होटचे बुश आणि पिना. बुशासाठी डेलरिन या प्लास्टिकचा रॉड मागा. दुकानदार हटकून नायलॉन पुढे करतो, दिसायला दोन्ही पांढरे. पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. कोरडा असताना मापात बसलेला बुश महिनाभर पाण्यात राहिला की बोल्ट आवळून धरतो, आणि तुम्ही फिरून पहिल्या प्रश्नापाशी येता. पिना ३१६ स्टेनलेसच्या. ३०४ स्वस्त मिळतं, चकाकतंही तसंच, पण ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याच्या जोरावर ते खाऱ्या पाण्यात टिकतं. ३०४ वर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. चुंबक लावून यातला फरक कळत नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगो. खात्रीच्या दुकानातून बिलावर ग्रेड लिहून घ्या.

भाच्याच्या उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण थ्रीडी प्रिंटरचं साधं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हातली बंद सीट उघडून हात घालून बघा किती तापते. त्याच्याकडून जुन्या बुशाचा नमुना काढून घ्या. नमुना हातात असला की लेथवाल्याशी मापावरून हुज्जत होत नाही.

रत्नागिरीहून: रोज धुतो तरी ट्रिम जाम होते. धुण्यात काही चुकतंय का?

इंजिनाला नळी जोडून धुता, त्याचा क्रम आधी तपासा. इंजिन सुरू करून मग नळ, आणि थांबवताना आधी नळ बंद करून मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात शिरू शकतं. नळ सोडायला उशीर करू नका, कोरडं इंजिन काही सेकंदांपुरतंच. ट्रिमसाठी मात्र एवढं पुरत नाही, कारण हे पाणी इंजिनाच्या वाटांतून फिरतं, पिव्होटच्या फटीत जात नाही. नंतर नॉझलवर वेगळी नळी धरा आणि पाणी चालू असतानाच ट्रिम चार-पाच वेळा वरखाली करा.

हे सगळं करत असाल, तर धुता कुठल्या पाण्याने ते बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चपासून मचूळ व्हायला लागतात, आणि मग तुम्ही स्की खाऱ्या पाण्यातून काढून कमी खाऱ्या पाण्याने धुताय. बादलीत बोट बुडवून जिभेला लावा. खारट लागलं तर निदान नॉझलपुरता एक हंडा पिण्याच्या पाण्याचा ठेवा.