दोन्ही पायांत ब्रेस असताना सोरोरिटी रशसाठी कपडे कसे निवडावेत?

तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. तू १८ वर्षांची आहेस, दोन्ही पायांत एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारी ब्रेस, घालतेस, ऑगस्टमध्ये अलाबामाला कॉलेज सुरू होतंय आणि त्याआधी रश आहे. व्हिडिओत सगळ्याजणी आखूड ड्रेस आणि हील्समध्ये दिसतात, मग आपण काय घालायचं, ब्रेस झाकायची की दिसू द्यायची, असं तू विचारलंयस. तुला एकेरीत लिहितेय, कारण माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे.

इतर वाचकांसाठी थोडंसं. सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांतल्या, ग्रीक अक्षरांची नावं घेणाऱ्या मुलींच्या संघटना. त्यातल्या अल्फा डेल्टा पायचं मूळ १८५१ सालापर्यंत, जॉर्जियातल्या मेकन गावच्या मुलींच्या कॉलेजापर्यंत जातं. दक्षिणेकडच्या राज्यांत यांचं प्रस्थ फार मोठं. नव्या मुली निवडण्याच्या दिवसांना रिक्रूटमेंट म्हणतात, जुना शब्द रश. मुली गटागटाने एकेका सोरोरिटीच्या घरी जातात, गप्पा मारतात, दोन्ही बाजू आपापली पसंती कळवतात, फेरीगणिक घरं कमी होत जातात आणि शेवटी बिड डेला निमंत्रणाचा लिफाफा हातात पडतो. २०२१ मध्ये अलाबामाच्या मुलींचे ‘आज मी काय घातलंय’ असे व्हिडिओ टिकटॉकवर गाजले, तेव्हापासून कपड्यांचं दडपण आणखी वाढलं.

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया हा प्रकार, ज्यात मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू ताठर असतात. ब्रेस तीन वर्षांची असल्यापासून. सात वर्षांपूर्वी मी दक्षिणेतल्याच एका मोठ्या विद्यापीठात रशला उतरले होते. त्यामुळे जे सांगतेय ते घालून, घाम गाळून आणि एक चांगला ड्रेस वाया घालवून कळलेलं आहे.

बाकीच्या मुली आधी ड्रेस घेतात आणि बूट शेवटी. तू जमिनीपासून वर ये. आधी बूट, मग मोजे, मग ड्रेसची उंची, मग कापड. रंग आणि डिझाइन सगळ्यात शेवटी.

बुटांवर सगळ्यात जास्त वेळ घालव, कारण उरलेलं सगळं त्यावर उभं राहतं. ऑर्थोटिस्ट ब्रेस बनवतो तेव्हा बुटाची एक ठरावीक टाच धरून तिचा कोन लावलेला असतो. टाच आणि चवड्याखालचा तळ यांच्या जाडीतला फरक महत्त्वाचा. घोट्यात न वाकणारी ब्रेस असेल आणि तू जास्त उंच टाचेचा बूट घातलास, तर नडगी पुढे झुकते आणि गुडघा सरळ होतच नाही. दिवसभर अर्धवट बसल्यासारखी उभी राहशील आणि संध्याकाळी मांड्या भरून येतील. उलट एकदम सपाट बॅले शूज घातलेस तर नडगी मागे ढकलली जाते आणि गुडघ्यामागे ताण येतो. म्हणून पट्टी घे, सध्याच्या रोजच्या बुटाचे हे दोन्ही तळ मोज आणि नवा बूट तेवढ्याच फरकाचा बघ. नुसता तळ जाड असून चालत नाही. ज्या बुटाचा तळ पुढेमागे सारखाच जाड आहे तो उंच दिसतो, पण ब्रेसच्या दृष्टीने तो सपाटच असतो. असा बूट फार आवडला तर टाचेखाली पाचर घालून फरक जुळवता येतो, पण ते ऑर्थोटिस्टला विचारून.

इनसोल निघणारा हवा, म्हणजे ब्रेसला जागा होते. तोंड खोलवर उघडणारं हवं. नायकीच्या फ्लायईझ या सहज घालता येणाऱ्या बुटांमागे सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाचं २०१२ मधलं पत्र आहे. कॉलेजात गेल्यावर तरी बूट आपले आपल्याला घालता यावेत, एवढंच त्याला हवं होतं. मला ते वाचून फार जवळचं वाटलं होतं. बिली फुटवेअरच्या बुटांना कडेने चेन असते, अख्खा वरचा भाग उघडतो आणि पाय वरून आत ठेवता येतो. दोन पायांचे नंबर वेगळे असतील तर झॅपोस या ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅडॅप्टिव्ह विभागात काही बूट दोन वेगळ्या मापांचे किंवा नुसते एकेकही मिळतात, दोन जोड्या घ्यायची गरज नाही. मी शेवटी पांढरे साधे लेदरचे स्नीकर्स घेतले आणि शेवटच्या, प्रेफरन्सच्या फेरीसाठी काळे, पट्ट्याचे मेरी जेन. दोन्ही जून महिन्यात. नव्या बुटात ब्रेस कुठे घासते हे कळायला दोन-तीन आठवडे लागतातच.

हील्सबद्दल स्पष्टच सांगते. ‘एका संध्याकाळपुरती ब्रेस काढून ठेवते आणि वेजेस घालते’ हा विचार तुझ्या मनात येईल. माझ्या आला होता. घरी जिन्यावर चढउतार करून बघितली, तिसऱ्याच पायरीवर पोटरीत असा गोळा आला की कठड्याला धरून खाली बसावं लागलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली. ते बूट दुसऱ्या दिवशी परत केले.

मोजे. ऑगस्टमध्ये तिकडे पारा ३३-३४ अंशांपर्यंत जातो, वर दमट हवा. प्लॅस्टिकच्या आत पाय अक्षरशः उकडतो आणि दुपारपर्यंत सुजतो. बिनशिवणीचे, घाम शोषणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे घे आणि ब्रेसच्या वरच्या काठाबाहेर दोन बोटं तरी येऊ देत, नाहीतर काठ थेट कातडीवर घासतो. रोज पर्समध्ये झिपच्या पिशवीत दोन जोड कोरडे मोजे ठेव. दुपारी बदल. बदलताना लाल डाग बघ, वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर थांब आणि ऑर्थोटिस्टला फोन कर. कुठलीही फेरी पायावरच्या फोडापेक्षा मोठी नाही, कारण फोड आला की पुढचे दिवस ब्रेसच घालता येणार नाही.

आता ड्रेसची उंची. गुडघ्याच्या जरा वर किंवा अगदी गुडघ्यावर संपणारा ड्रेस आपल्याला सर्वात सोयीचा. पोटरीच्या मध्यावर येणारा मिडी दुकानात सुंदर दिसतो, पण त्याची कड नेमकी ब्रेसच्या वरच्या पट्ट्यावर येते आणि दर पावलाला अडकते. घोट्यापर्यंतचा लांब ड्रेस जिन्यावर पायाखाली येतो, आणि त्या घरांना पुढे खांब आणि पायऱ्या असतातच. लांबच हवा असेल तर कडेला गुडघ्यापर्यंत चीर असलेला घे. घेर थोडा हवा. घट्ट पेन्सिल स्कर्टमध्ये आपलं पाऊल पुरेसं पडत नाही. आणि आरशासमोर उभं राहून ठरवू नकोस. बसून बघ, हात न टेकता उठून बघ, चार पायऱ्या चढून बघ.

कापडाचं मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते. वेल्क्रो. तिसऱ्या फेरीला मी फिकट हिरवा शिफॉनचा ड्रेस घातला होता, मिडी. बारा-पंधरा मिनिटं बोलणं झालं, निघायची वेळ झाली, मी सोफ्यावरून उठले आणि ड्रेस माझ्याबरोबर उठलाच नाही. पोटरीच्या पट्ट्याचं टोक जरा सुटलं होतं, त्यात शिफॉन अडकलं होतं. मी ओढलं तसा कापडावर वीतभर लांब ओरखडा उमटला, धागे गोळा होऊन वर आले. समोरची मुलगी गुडघ्यांवर बसली, एका हाताने पट्टा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताच्या नखाने एकेक धागा सोडवत राहिली. बाहेर रांग पुढे सरकत होती, दारातल्या मुली गाणी म्हणत होत्या. ती मान वर न करता म्हणाली, ‘थांब, घाई नाही.’ मला रडू येत होतं ते ड्रेससाठी की तिच्या त्या शब्दांसाठी, कळलं नाही.

म्हणून शिफॉन, जॉर्जेट, नेट, लेस आणि सैल विणीचं काहीही ब्रेसजवळ येऊ देऊ नकोस. घट्ट विणीचं सुती, पॉपलिन, क्रेप, जाड सॅटिन चालतं. पट्ट्याची टोकं बाहेर लोंबत असतील तर ऑर्थोटिस्टकडून कापून घे, पाच मिनिटांचं काम आहे. पट्टे जुने झाले असतील तर रशच्या आधी बदलून घे, चिकटपणा गेलेला वेल्क्रोच आधी सुटतो.

त्या रात्री आईला फोन केला. प्रेफरन्सला, म्हणजे शेवटच्या, सगळ्यात औपचारिक फेरीला, मी शेवटी तिने शिवलेला फ्रॉक घातला. आजीच्या नारायणपेठी साडीचा, गर्द जांभळा, आणि साडीचे काठ बरोबर गुडघ्यावर येतील असे लावलेले. तो मी आधी ‘फार वेगळा दिसेल’ म्हणून बॅगेच्या तळाशी ठेवला होता. काठ वजनदार असल्यामुळे तो वाऱ्याने उडाला नाही, वेल्क्रोत अडकला नाही, बसल्यावर वर सरकला नाही. तू साडीचाच शिव असं म्हणत नाही. पण घरी कुणी शिवणारं असेल तर एक तरी ड्रेस स्वतःच्या मापाने शिवून घे. आपल्या उंचीचं आणि ब्रेसचं गणित तयार कपड्यात क्वचितच जमतं.

झाकायची की दाखवायची, हा तुझा खरा प्रश्न. मी दोन्ही करून पाहिलं. पहिल्या दिवशी पायघोळ पँट घातली, ब्रेस पूर्ण झाकलेली. पण चाल झाकता येत नाही. एका दिवसात तीन घरांत मला ‘पाय दुखावलाय का?’ असं काळजीने विचारलं गेलं. मग सगळं सांगा, त्यांचं ओशाळणं, माझं ‘अगं, काही नाही’ म्हणणं, आणि मोजकी मिनिटं त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घातला. ब्रेस समोर दिसत होती. फक्त एकीने विचारलं, मी एका वाक्यात सांगितलं, आणि नंतर आम्ही तिच्या कुत्र्याबद्दल आणि माझ्या बायॉलॉजीबद्दल बोललो. माझं मत म्हणून विचारशील तर दिसू दे. पण पहिल्या दिवशी झाकून जावंसं वाटलं तर त्यात काहीच कमीपणा नाही, तेव्हा पँटची मोहरी ब्रेसवरून सहज सरकेल इतकी रुंद घे. एवढंच कर की हा निर्णय आदल्या रात्री घे. सकाळी सहाला, खोलीत चार मुली तयार होत असताना तो घेतला की नको ते हातात येतं.

नवी ब्रेस याच उन्हाळ्यात होणार असेल तर साचा घेतानाच रंग आणि नक्षी विचार. प्लॅस्टिक तापवून आकार देताना नक्षीचा कागद त्यावर उतरवतात, नंतर बदलता येत नाही. मी गर्द निळी घेतली होती, ती निम्म्या कपड्यांवर शोभली.

फेऱ्यांचं फार लिहीत नाही, प्रत्येक कॉलेजची सूचनापत्रिका येते आणि ती नीट वाच. पुष्कळ ठिकाणी एका दिवशी टी-शर्ट पॅनहेलेनिककडूनच, म्हणजे सोरोरिटींच्या संयुक्त परिषदेकडूनच मिळतो, खाली शॉर्ट्स किंवा स्कॉर्ट (आतून शॉर्ट्स असलेला स्कर्ट) पुरे. जम्पसूट टाळ, दोन घरांच्या मधल्या वेळात बाथरूमला जाऊन येणं त्यात अशक्य होतं. तुमच्याकडे बिड डेला ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये लिफाफे उघडून घरांकडे धावत सुटायची प्रथा आहे. त्या दिवशी रोजचेच मुरलेले बूट घाल, आणि कोण बरोबर चालणार ते आधी ठरवून ठेव. आमच्याकडेही धावायचं होतं. शिफॉन सोडवणारी तीच मुलगी अर्ध्या वाटेवर मला घ्यायला उलट आली होती.

एक गोष्ट कपड्यांची नाही, तरी त्यावर कपडे अवलंबून आहेत. जुलैतच पॅनहेलेनिकच्या सल्लागारांना आणि विद्यापीठाच्या डिसॅबिलिटी ऑफिसला ईमेल कर. घरांमधलं अंतर किती, गोल्फ कार्ट मिळेल का, पायऱ्या नसलेलं दार कुठल्या बाजूला आहे, बाहेर उन्हात थांबावं लागतं तिथे खुर्ची मिळेल का, हे सगळं विचार. सरकारी पैसा घेणाऱ्या विद्यापीठांना अपंगत्वावरून कुणाला बाहेर ठेवता येत नाही, १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ तेच सांगतं. तू मेहेरबानी मागत नाहीयेस. मी हे केलं नाही, संकोच वाटला, आणि पहिल्या दिवशी एवढं चालले की दुसऱ्या दिवसाचे कपडे पायांच्या सुजेने ठरवले.

माझ्या यादीतून दोन आवडती घरं दुसऱ्या फेरीनंतर गेली. ब्रेसमुळे का, ते कुणी सांगत नाही आणि विचारायची सोयही नाही. मी रात्रभर तेच उगाळत बसले होते. तुझंही एखादं जाईल, ब्रेस नसलेल्या मुलींचीही जातात. त्या रात्री कपडे बदलायचा मोह होईल, दुसऱ्या दिवसासाठी ठरवलेलं सगळं झाकूनपाकून टाकावंसं वाटेल. ठरवलेलंच घाल.

तुझी ब्रेस घोट्यात न वाकणारी आहे की बिजागरीची, की कार्बन फायबरची, ते प्रश्नात नाहीये. ते आणि रोजच्या बुटाचं ते पट्टीचं माप कळव, म्हणजे कुठल्या प्रकारचे बूट बघायचे ते नेमकं सांगते.